आरशाच्या धातूचा ताईत

माझी मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती आणि झोपेत दचकायची. दचकायची म्हणजे एकदम हातपाय ताठ करायची, तोंड उघडायची, श्वास आत घ्यायची आणि तिथंच थांबायची. मी मोजायची. एक, दोन, तीन. मग ती रडायची आणि मग मला श्वास यायचा. दिवसा झोपली तरी तसंच. मी आठवी पास, नववी अर्धी सोडलेली, मला काय कळते असं काहून होते. डॉक्टर म्हणाले होईल ठीक, होते लहान मुलांचं असं.

सासूबाईंनी उशीखाली लोखंड ठेवायला सांगितलं होतं. आमच्याकडे ठेवतातच, सुरी नाही तर अडकित्ता. मी सुरी ठेवली होती, फडक्यात गुंडाळून. एक दिवस पाहते तर फडकं बाजूला आणि सुरी लेकराच्या मुठीत, पात्याकडून. कापलं नव्हतं. सुरी मी उचलून स्वयंपाकघरात टाकली आणि परत ठेवली नाही. त्यावर सासूबाई दोन दिवस माझ्याशी नाही, भिंतीशी बोलल्या. भिंतीला म्हणायच्या, लोखंड काढून टाकलं, आता लेकरू दचकणार नाही तं काय करणार.

आमचे हे एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहेत. शिकवणारे नाही, सरांना सामान काढून देणारे, पुसून ठेवणारे, कपाटाला कुलूप लावणारे. तिथल्या सरांनी त्या दिवसांत शाळेच्या पोरांसाठी प्रदर्शन लावलं होतं. अंतराळात दूर गेलेली मोठी दुर्बीण, तिचा आरसा कसा, ते दाखवायचं होतं. खरा आरसा अठरा तुकड्यांचा आहे, प्रत्येक तुकडा सहा कोनांचा, मधमाशीच्या पोळ्यासारखे एकाला एक लागून. ते अठरा तुकडे पुठ्ठ्याचे कापून त्यावर सोनेरी पन्नी मी चिकटवली होती, घरी, जमिनीवर बसून, लेकरू पाठीवर चढत असताना. म्हणून प्रदर्शन पाहायला मीही गेली. तिला कडेवर घेऊन मागं उभी राहिली.

सर हिंदीत सांगून राहिले होते, आमच्या शहरात घराबाहेर सगळं हिंदीतच चालते. या दुर्बिणीचा आरसा काचेचा नाही. काच जड, इतकी मोठी काच रॉकेट वर नेणार कसं. म्हणून तो एका धातूचा केला, बेरिलियम नावाचा. अॅल्युमिनियमपेक्षा हलका आणि पोलादापेक्षा ताठ. जिथं ती दुर्बीण आहे तिथं अशी थंडी आहे की बाकीचे धातू आकसतात, वाकडे होतात, आरसा वाकडा झाला की तारे धुरकट दिसतात. हा धातू त्या थंडीतही आपला आकार सोडत नाही. त्यावर सोन्याचा पातळ थर आहे, इतका पातळ की सगळ्या आरशाला मिळून जेमतेम चार-पाच तोळे सोनं लागलं. माझ्या बाजूला एक बाई होत्या, त्या हळूच म्हणाल्या, इतने में तो बहू का सेट भी न बने. आम्ही दोघी हसलो. सर पुढं त्या धातूबद्दल आणखी काही सांगणार होते, एक बोट वर करून, पोरांना दटावल्यासारखं, पण तेवढ्यात माझी मुलगी रडायला लागली आणि मी बाहेर आली. ते बोट वर केलेलं मी पाहिलं. काय सांगितलं ते ऐकलं नाही.

प्रदर्शन संपल्यावर सरांनी धातूंच्या नमुन्यांचा डबा कुलूप लावून नेला. आवरताना यांना टेबलाच्या चादरीखाली दोन तुकडे सापडले, पोरांनी हाताळून सोडलेले. सर निघून गेले होते. यांनी ते रुमालात बांधून घरी आणले आणि माझ्या तळहातावर ठेवले. दोन्ही राखाडी, रुपयाच्या नाण्याएवढे पण जाड, आणि इतके हलके की हातात काही आहे असं वाटेना. हे म्हणाले, यातला एक तुझ्या आरशाचा आहे, दुसरा मॅग्नेशियम. कोणता कोणता ते मलाही सांगता येत नाही, नावं डब्याच्या खाचांवर होती. परवा कॉलेज उघडलं की परत देतो. मग स्टीलच्या डबीत घालून वरच्या फळीवर ठेवले आणि म्हणाले, हात लावू नको.

हे प्रत्येक गोष्टीला हात लावू नको म्हणतात. टीव्हीच्या रिमोटलाही म्हणतात.

मी हात लावला. माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. लोखंड नको, कापते. पण काही तरी धातू पाहिजे उशाशी, नाही तर सासूबाई भिंतीशी बोलणं बंद करणार नाहीत. आणि हा धातू एवढ्या थंडीत, एवढ्या अंधारात जाऊन बसला तरी घाबरत नाही, वाकडा होत नाही. लेकराजवळ ठेवायला याच्याहून चांगलं काय. मी दोघांतला जो जास्त चमकत होता तो घेतला, उशीखाली सारला, आणि ती झोपली. दचकली नाही. मी वाट पाहत बसली, पण नाहीच दचकली.

सकाळी चादर झटकताना तो सासूबाईंच्या हातात आला. मला वाटलं आता ऐकावं लागते. पण त्यांनी तो वरखाली करून पाहिला आणि माझ्याशी बोलल्या, भिंतीशी नाही. म्हणाल्या, "हे तं हवेसारखं हलकं आहे वं. गळ्यात घाल लेकराच्या, काळ्या दोऱ्यात. उशीखालून घसरते, मले नाही भरवसा."

गळ्यात घालायचं तर भोक पाहिजे. मी म्हटलं, आई, हे परत द्यायचं आहे. त्या म्हणाल्या, दे ना, कोण नाही म्हणते, दोन दिवस घालू आणि देऊ, इवलंसं भोक कोणाला दिसते. मला ते पटलं. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अगदी बरोबर वाटलं होतं. हे प्रदर्शनाच्या भाड्याच्या खुर्च्या परत करायला गेले होते. मी लेकराला घेतलं, ऑटोत बसली आणि सराफ्यात गेली.

सराफ्यात आमचे एक जुने सोनार आहेत. सासूबाईंचं मंगळसूत्र त्यांनीच केलं, माझं पण. छोटं दुकान आहे, गादीवर बसतात, काम स्वतः करतात, मांडीजवळ एक लाकडी खण ओढून घेतात म्हणजे जे काही घासलं, कापलं, ते सगळं खणात पडते. सोनाराकडची धूळही सोनं असते, ती झाडून ठेवतात आणि धुळीतून सोनं वेगळं काढणारा न्यारिया येऊन विकत घेऊन जातो. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

त्यांनी तुकडा हातावर तोलला, कसोटीच्या दगडावर घासायला गेले आणि थांबले. चांदी नाही, जस्त नाही, हे काय आणलं बिटिया, म्हणाले. मी म्हटलं, तारे पाहायच्या आरशाचं आहे. ते हसले. म्हणाले, आजवर माझ्याकडं तारे कोणी आणले नाहीत, लोक चंद्रकोरच आणतात.

मग त्यांनी पंखा बंद केला, मोटारला बारीक सुई लावली आणि भोक पाडायला बसले. गरमी होती. लेकरू घामानं भिजून रडायला लागलं. मी म्हटलं, काका, पंखा लावा ना थोडा. ते वर न पाहता म्हणाले, पंखा चला दिया तो मेरी कमाई सामने वाले की दुकान में जाएगी. मला राग आला. लेकरू रडून राहिलं आणि यांना कमाई दिसून राहिली.

सुई किरकिरत होती. मी माझ्या बाळाला मांडीवर उलटं सुलटं करत होती, आणि एका क्षणात तिनं वाकून खणात हात घातला. बाहेर काढला तर बोटांना करडं काही तरी लागलेलं. ती बोटं तोंडात घालणार होती. मी मूठ पकडली आणि फुंकर मारली. जशी धूळ लागली की मारतो तशी. फू. आणखी एकदा, फू.

सोनारांनी मोटार थांबवली. "यहाँ फूँक नहीं मारते, बिटिया."

मला वाटलं, एवढंसं उडालं त्याचं यांना दुःख. मी पदरानं तिचा हात पुसला आणि बाजूला सरकून बसली. थोड्या वेळानं ते म्हणाले, बड़ी ढीठ धातु है, सुई बोथट झाली. अर्धंच भोक झालं होतं. चार वाजता ये, म्हणाले, नवी सुई आणून ठेवतो. तुकडा त्यांच्याकडं राहिला आणि मी घरी आली.

दुपारी हे जेवायला बसले. मी सांगणारच होती, पण सासूबाईंनी आधी सांगितलं, हौसेनं, की लेकराला ताईत करून राहिलो आम्ही, सराफ्यात दिला आहे भोक पाडायला. यांचा घास हातात होता. त्यांनी तो ताटात परत ठेवला.

"कोणता दिला?"

मी म्हटलं, जास्त चमकत होता तो.

ते उठले, हात न धुता. मी यांना रागावलेलं पाहिलं आहे, थकलेलं पाहिलं आहे, पण असं पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यांनी सांगितलं की आरशाचा तो धातू अखंड असला तर काही करत नाही, खिशात ठेवा, हातात घ्या. पण त्याला घासलं, भोक पाडलं, तर जी बारीक धूळ उडते ती श्वासातून छातीत जाते आणि तिथंच बसते, निघत नाही. सगळ्यांना नाही होत, पण ज्याला होते त्याचं फुप्फुस कडक होत जाते, कधी कधी कितीतरी वर्षांनी. आरसे करणारे कारागीर म्हणून बंद खोलीत, तोंड झाकून, धूळ ओढून घेणाऱ्या मशिनीखाली काम करतात. सरांनी बोट वर करून पोरांना हेच सांगितलं होतं.

मी लेकराकडं पाहिलं. ती वाटीनं जमीन वाजवून राहिली होती. मी तिचा श्वास ऐकायचा प्रयत्न केला, वाटीच्या आवाजात काही ऐकू येईना. मी वाटी हिसकली. ती रडली. रडताना कशी मोठमोठ्यानं श्वास आत ओढते ते मी पाहत राहिली आणि मला वाटलं आत्ताही काही आत जाऊन राहिलं आहे.

यांनी सरांना फोन लावला. खरं ते सगळं सांगितलं, तुकडे घरी आणले ते पण. सर ओरडले असतील असं वाटलं, पण नाही. त्यांनी फोन मला द्यायला सांगितला. एकच विचारलं.

"बेटा, जब छेद कर रहा था, तो छिलका निकल रहा था या बुरादा?"

मला समजलं नाही, तर त्यांनी समजावलं. मॅग्नेशियम मऊ, त्याचा कीस निघतो, वळ्यावळ्याचा, गाजर किसल्यासारखा. दुसरा असेल तर त्याची भुकटी निघते. कीस असेल तर घाबरायचं काही नाही, मिठाई खायला बोलव मला, म्हणाले.

मी डोळे मिटले. मला सोनारांचे हात दिसले, सुई दिसली, माझ्या लेकराची बोटं दिसली, करडी. पण त्या बोटांवर कीस होता का भुकटी, ते दिसेना. मी जितकं आठवायचा प्रयत्न करायची तितकं ते मला पाहिजे तसं दिसायला लागायचं, बारीक बारीक वळ्या, गाजरासारख्या, आणि मला माहीत होतं की ते खोटं आहे, मी आत्ता बनवून राहिली आहे. मी म्हटलं, सर, मुझे याद नहीं.

सर म्हणाले, लगेच जा, त्यानं पुन्हा मोटार लावायच्या आत जा, आणि काही झटकू देऊ नका, मी निघतोच आहे.

फुंकर मारल्याचं मी सांगितलं नाही. ना सरांना, ना यांना. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते बोललं की खरं झालं असतं.

लेकरू सासूबाईंकडं दिलं. त्या म्हणाल्या, मीच म्हटलं होतं वं गळ्यात घाल. पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला होता, आणि मला तो सोडवून निघावं लागलं.

गाडीवर मी यांच्या मागं बसली. साडेतीन झाले होते. आमच्या विजय नगरपासून सराफ्यापर्यंत रस्ता रोजचाच, पण त्या दिवशी सगळे जण मुद्दाम आडवे येत होते, ई-रिक्षा, हातगाड्या, गाय. मी मनात म्हणत होती कीस, कीस, कीस. एकदा सिग्नलवर हे म्हणाले, चूक माझी आहे, मी आणायला नको होते. त्यावर मी सांगायला पाहिजे होतं की नाही हो, तुम्हाला माहीत नाही मी काय केलं. मी त्यांच्या शर्टाची शिवण धरून बसली.

गल्लीत वळलो तर दुकानातून मोटारचा आवाज येऊन राहिला होता. मी गाडी थांबायच्या आधी उतरली, पडता पडता वाचली. आत गेली तर सोनार सुई चालवून राहिले होते. मी नुसता हात पुढं केला. त्यांनी मोटार बंद केली आणि वर पाहिलं. हातात कोणाची तरी नथ होती.

आमचा तुकडा गादीच्या बाजूला कागदावर तसाच होता. अर्ध्या भोकाचा. ते म्हणाले, तू येशील म्हणून ठेवला, ग्राहक की चीज़ ग्राहक के सामने ही काटते हैं.

मी भिंतीला टेकली. पण यांनी लगेच विचारलं, सकाळी जे निघालं ते कुठं आहे, खण दाखवा.

यांनी असं विचारायला नको होतं. मी सोनाराच्या दुकानात वाढली नाही, पण एवढं मला कळते की घाईघाईनं परत येऊन खण दाखवा म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो. त्यांचा चेहरा बदलला. समोरच्या दुकानातला माणूस काउंटरवरून वाकून पाहायला लागला. सोनार म्हणाले, माझ्या बापानं या गल्लीत काम केलं, मी करून राहिलो, आजवर कोणी माझा खण तपासला नाही. आणि तुमच्या धातूला काय सोनं लागलं आहे की मी ठेवून घेईन.

मी म्हटलं, काका, चोरीचं नाही. विषाचं आहे.

मग मीच सांगितलं, तोडकंमोडकं, हिंदीत मराठीत. ते ऐकत राहिले. मग त्यांनी गल्ल्याच्या बाजूनं एक कागदाची पुडी काढली, नीट घडी घातलेली, वर पेन्सिलीनं सासूबाईंचं आडनाव. सकाळी मी गेल्यावर त्यांनी खणातला आमचा भाग ओल्या बोटानं टिपून वेगळा काढला होता. लोकांचं सोनं घासलं तर त्याची भुकटी ते पुडीत बांधून परत देतात, मग हे का नाही देणार. म्हणाले, तुम्हारा है, तुम्हारे को ही देना था.

पुडी गादीवर ठेवली. आम्ही तिघं तिच्याकडं पाहत बसलो. कोणी उघडेना. मला वाटत होतं बंद राहू दे. बंद आहे तोवर आत कीस आहे.

सर आले. म्हातारे आहेत, जिना चढल्यासारखे धापत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंडाला बांधला, पाणी मागितलं, बोटं ओली केली, पुडीवर दोन थेंब टाकले आणि सगळ्यांना मागं सरकवून ती हळूहळू उघडली. चष्मा वर करून पाहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

भुकटी होती. करडी, ओली, राखेसारखी. एकही वळी नव्हती.

सरांनी पुडी परत मिटली, ओल्या फडक्यात गुंडाळली. वळले तेव्हा काय सांगावं ते शोधून राहिले होते. त्यांच्या आधी मी बोलली.

"सर, मी फुंकर मारली होती. तिच्या बोटांवर. दोन वेळा. ती रडत होती, तोंड उघडं होतं."

हे बाजूलाच उभे होते. त्यांच्याकडं पाहायची माझी हिंमत झाली नाही.

सरांनी विचारलं, बोटं चेहऱ्यापासून किती लांब होती. मी हात करून दाखवलं. कोणत्या बाजूला उडालं. मला माहीत नव्हतं. किती होतं. मी नखाचं टोक दाखवलं. सरांनी पुडीकडं पाहिलं, मग पुन्हा माझ्या नखाकडं.

तेव्हा सोनार बोलले. म्हणाले, मला माहीत आहे कोणत्या बाजूला उडालं. पहिली फुंकर मारताना हिनं मुलीची मूठ धरून हात माझ्याकडं केला होता, लेकराला मागं ओढून. दोन्ही वेळा माझ्याकडंच, म्हणून तर मी डोळे मिटले. या दुकानात कण कुठं जाते ते मी नाही पाहणार तर कोण पाहणार, याच्यावरच तर पोट आहे माझं.

"मेरे मुँह पे आया था, बिटिया. इसीलिए तो टोका."

मला आनंद झाला. मी लपवत नाही, आधी आनंदच झाला, पोटातून वर आला, एवढा की मी हसली असेन. मग मी ते सांगणाऱ्या माणसाचा चेहरा पाहिला, पिकलेल्या भुवया, आणि मला कळलं मी कशाला हसून राहिली आहे. मी तोंडावर पदर घेतला.

सरांनी आम्हाला तिघांनाही सांगितलं, खोटा धीर न देता. रोज ती धूळ खाणाऱ्याला जास्त भीती. एकदा, एवढ्याशानं, आणि ओल्या बोटानं काम करणाऱ्या, पंखा बंद ठेवणाऱ्या दुकानात, भीती फार कमी. पण शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पोटात गेलेलं निघून जाते, श्वासातलं पाहायचं. ज्याच्या शरीराला तो धातू सोसत नाही त्याला थोड्यानंही होऊ शकते, आणि कोणाला सोसत नाही ते आधी कळत नाही. छातीच्या डॉक्टरला दाखवा, दरवर्षी दाखवा. मग ते सोनारांसमोर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, नमुना मी मोकळा ठेवला, पोरांच्या हातात दिला, चूक माझ्यापासून सुरू होते. सोनारांनी त्यांचे हात खाली केले. म्हणाले, मास्साब, आयुष्यभर तेजाबाचा धूर आणि सोन्याची धूळ खाल्ली, आता तारे खाल्ले.

सगळ्यांनी मिळून खण ओल्या फडक्यानं पुसला, गादीचं वरचं कापड काढलं, ते फडके, सुई, पुडी, तुकडा, सगळं एका बरणीत बंद करून सरांनी नेलं. समोरचा माणूस शेवटपर्यंत पाहत होता.

परत जाताना हे गाडी हळू चालवत होते. घराच्या वळणावर थांबवली, बंद केली, आणि मागं न वळता म्हणाले, तू गाडीवरच सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, हो. मग म्हणाले, मी तरी काय केलं असतं. आणि पुन्हा गाडी सुरू केली.

छातीच्या डॉक्टरांकडं तिला झोपवून एक्स-रेचा फोटो काढला तेव्हा ती इतकी ओरडली की मशीनवाले भैया म्हणाले, फुप्फुसं तर जोरात आहेत. डॉक्टरांना या धातूची गोष्ट दोनदा सांगावी लागली, त्यांनी पुस्तक काढून वाचलं. फोटो स्वच्छ होता. आत्ता स्वच्छच असणार, म्हणाले, पुढं पाहत राहू. सोनार पहिल्या वर्षी आले नाहीत. दुसऱ्या वर्षी मी दुकानात जाऊन बसली, ग्राहक येऊन गेले, मी बसूनच राहिली. तेव्हा आले. दोघांचे फोटो एकाच दिवशी काढले, एक एवढासा आणि एक मोठा, दोन्ही खिडकीला धरून पाहिले डॉक्टरांनी. त्यांच्या फोटोत जुने डाग होते. कशाचे, कोणी सांगू शकलं नाही. ते म्हणाले, पेशे के हैं, छोड़ो.

मुलगी आता चार वर्षांची आहे. दचकायचं केव्हा थांबलं ते मला आठवतही नाही, आपोआपच थांबलं असेल, डॉक्टर म्हणाले होते तसं. पण मी तिचा श्वास मोजते, अजून. ती जिना पळत चढली की मी खाली उभी राहून ऐकते. सर्दी झाली की हे माझ्याकडं पाहत नाहीत आणि मी यांच्याकडं पाहत नाही. सासूबाई वाफ द्यायला पाणी ठेवतात.

या उन्हाळ्यात तिला शाळेत घालायला गेलो. फॉर्म हिंदीत होता, मी भरून राहिली होती, यांचं अक्षर खराब आहे म्हणून. नाव, जन्म, पत्ता, सगळं भरलं. खाली एक ओळ होती, बच्चे को कोई बीमारी है क्या. मी पेन धरून बसली. मागं रांग होती. हे हळूच म्हणाले, नाही लिही.

मी लिहिलं, आज तक नहीं.

फॉर्म घेणाऱ्या बाईंनी वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"आज तक नहीं, मतलब?"

"मतलब वही, मैडम."

मुलगी माझा हात ओढत होती, बाहेर घसरगुंडी होती. बाईंनी आणखी एकदा वाचलं, विचार केला, आणि शिक्का मारला.